महिनाभर थांब

एप्रिल लागला की कारेगावात बँजो सुरू होतात. आमच्या चाळीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवरचा एक मांडव निघतो न निघतो तोच दुसऱ्याचे बांबू येऊन पडतात. कंपनीच्या बसमधून फर्स्ट शिफ्टची माणसं उतरतात आणि त्यांच्या पुढ्यातूनच वरात चाललेली असते. बिहार-यूपीची माणसं डबा हातात धरून गॅलरीत थांबतात, मोबाईलवर शूटिंग करतात. हळदीच्या गाण्यांनी खोलीचे पत्रे थरथरतात. शेजारच्या काकू बजावून जातात, "ताई, जेवायला यायचं बरं का, नुसतं तोंड दाखवून पळायचं न्हाई." मी जाते. दोन घास खाते आणि नवरीकडं न बघता परत येते.

नवरीकडं बघवत नाही. मेंदीचे हात दिसले की माझी नजर बोटांच्या टोकांवर जाते. प्रज्ञाच्या बोटांच्या टोकांना बारीक काळे ठिपके होते, तिळाएवढे. मेंदी काढणारी मुलगी म्हणाली होती, "इथं रंग का चढंना हो?" त्यावर प्रज्ञा म्हणाली, "टायपिंग करून करून कडक झालीत बोटं." लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीनं सांगितलेलं हे खोटं मीच तिला शिकवलं होतं.

प्रज्ञा माझी धाकटी बहीण. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आमचं गाव खुटबाव. वडील गवंडीकाम करायचे, त्यांना आम्ही दादा म्हणतो. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. लहानपणी आम्हा दोघींना वर्षातली सगळ्यात आवडती वेळ लग्नसराईची. वस्तीवरच्या प्रत्येक लग्नात आम्ही पंगतीत पाणी वाढायला पुढं. प्रज्ञाचं लक्ष पाण्यापेक्षा बुंदीकडं. परकराच्या ओच्यात बुंदी बांधून विहारामागच्या लिंबाखाली बसायची आणि एकेक दाणा मोजत खायची, लवकर संपू नये म्हणून.

ती अकरा वर्षांची असताना असाच एक उन्हाळा आला. ती पाणी प्यायला लागली. तांब्याच्या तांब्या. वाळायला लागली. रोज शाळेत पहिली पळणारी पोरगी दारात बसून राहायची. आई म्हणायची, "ऊन किती हाय, पीनारच की पाणी." मग एका सकाळी ती उठेचना. दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटातून थेंबभर रक्त काढलं, मशीनला लावलं आणि दादांना खुर्चीवर बसायला सांगितलं. दादांना आधी कळलंच नाही. "एवढ्या लेकराला कशी शुगर? आमच्यात तर कुणी जाड बी न्हाई." बाईंनी समजावून सांगितलं की ही म्हाताऱ्या माणसांची शुगर नव्हे. हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. बाहेरून द्यावं लागेल, रोज दोन वेळा, जन्मभर. एक दिवसही चुकवायचं नाही.

आईचा हात थरथरायचा, दादा सुई बघून तोंड फिरवायचे, म्हणून शिकले मी. पहिली सुई मी लिंबाला टोचली. दहा-बारा लिंबं टोचल्यावर बाईंनी प्रज्ञाची मांडी पुढं केली. मी डोळे मिटले. प्रज्ञा म्हणाली, "ताई, डोळे उघडून टोच की. मी काय लिंबू हाय व्हय?"

मग आमच्या घराला त्या सुईचं वळण पडलं. फ्रीज नव्हता. एका मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत इन्सुलिनच्या बाटल्या. वाळू कोरडी पडू द्यायची नाही, हे आईचं काम. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला सुई. एक बाटली पाण्यासारखी, एक दुधासारखी. दुधासारखी हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. सुई घेतली की अर्ध्या तासात जेवण झालंच पाहिजे. भाकरी दीड. भात वाटीनं. दप्तरात साखरेची पुडी, कारण कधी उलटंही व्हायचं. साखर एकदम उतरायची, ओठ पांढरे पडायचे, घाम सुटायचा आणि ती काहीतरी भलतंच बोलायला लागायची. एकदा वर्गात बाईंना "आई, वाढ" म्हणाली होती. पोरं हसली. निरोप आला तशी मी घरून पळत जाऊन तिच्या तोंडात साखर कोंबली तेव्हा कुठं ती भानावर आली.

तिची एक वही होती. रोज बोटाच्या टोकाला टोचून मशीनवर जो आकडा येईल तो त्यात लिहायचा, असं बाईंनी सांगितलेलं. प्रज्ञा आकड्यापुढं कारणही लिहायची. "६२. कबड्डी." "२९०. परीक्षा, काही खाल्लं नाही, तरीपण." "३१०. मामाच्या लग्नात बुंदी, अर्धी वाटी, कबूल." डॉक्टरीणबाई ती वही वाचून हसायच्या. म्हणायच्या, शुगर सांभाळणारे पेशंट मी पुष्कळ बघितले, पण शुगरशी गप्पा मारणारी ही पहिलीच.

अशी बारा वर्षं गेली. ऐकायला ती मोठी वाटतात, पण ती सगळी छोट्याछोट्या गोष्टींत गेली. आज भाकरी मोठी झाली का, ताप आलाय तर सुई किती, बस चुकली तर वाटेत काय खायचं. ती बी.कॉम. झाली. केडगावात एका सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसायला लागली. मी तोवर कंपनीत क्वालिटीला लागले होते, कारेगावात खोली घेऊन राहत होते, सुट्टीला चौफुल्याच्या गाडीनं घरी यायचे. तिला माझी गरज उरली नव्हती. सुई तीच घ्यायची, बोलता बोलता, टीव्ही बघता बघता.

मग स्थळं यायला लागली. पहिल्या पाहुण्यांना दादांनी सरळ सांगितलं. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. दुसरे जास्त सभ्य होते. सगळं ऐकून घेतलं, पोहे संपवले, "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही ते नाहीच, वर गावभर झालं की गवंड्याची पोरगी आजारी आहे. दादा चौकात जायचे बंद झाले. संध्याकाळी ओट्यावर बसून ते नुसतं रस्त्याकडं बघत राहायचे.

भांडगावचं स्थळ आलं तेव्हा मी घरी होते. मुलगा संदेश, हायवेच्या पेट्रोल पंपावर नोकरीला, शांत. घर पत्र्याचं पण नेटकं. पाहुणे यायच्या आधी आम्ही चौघं चुलीपुढं बसलो होतो. दादा चुलीत काटक्या सारत होते. प्रज्ञा म्हणाली, "सांगू या की. न्हाई तर न्हाई म्हणतील. त्यात काय?"

मीच म्हणाले, "आता सांगायचं न्हाई."

"आन् मग सुई कुठं घ्यायची गं? त्यांच्या डोक्यावर?"

"महिनाभर थांब. एकदा तुझी माया लागू दे त्यांला. मग सांगू आपण. मी सांगन."

दादांनी मान खाली घातली. मला वाटलं, त्यांचं ओझं मी उचललं. घरातली शिकलेली, कमावती मुलगी मी. माझा शब्द खाली पडत नव्हता, याचा मला तेव्हा केवढा अभिमान होता.

लग्न एप्रिलच्या अखेरीला, विहारापुढच्या मांडवात. पत्रिकेवर साडेअकराची वेळ होती. मी साडेदहाला तिला सुई दिली, म्हणजे लग्न लागलं की लगेच जेवायला बसेल. वऱ्हाड आलं पाऊण वाजता. हायवेला त्यांची गाडी बंद पडली होती. पांढऱ्या साडीत प्रज्ञा संदेशशेजारी उभी होती, वंदना चालू झाली होती, आणि मला लांबूनच दिसलं की तिचा वरचा ओठ घामानं भरलाय. हातातली फुलं थरथरत होती. मी गजरा नीट करायच्या निमित्तानं मागं गेले आणि तिच्या तोंडात पेढा सारला, पाठोपाठ दुसरा. पुढं बसलेल्या बाया हसल्या. "नवरीला दम निघंना, बघा." संदेशही हसला. प्रज्ञा चघळत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

पाठवणीच्या आधी मी तिची बॅग भरली. इन्सुलिनच्या दोन बाटल्या आणि सुया रुमालात गुंडाळून साड्यांच्या घडीत घातल्या. ती मशीन उचलून आत ठेवायला लागली तर मी काढून घेतलं. "हे नको. ते टिंग वाजतं. कुणी बघितलं तर?" तिनं माझ्याकडं बघितलं.

भांडगाव आमच्या गावापासून काही लांब नाही. पण नव्या नवरीला सासर लांबच असतं. ती दुपारी सगळे पडले की हळूच फोन करायची. सुई न्हाणीत घेते, सांगायची. घेतली तरी जेवण कधी मिळेल त्याचा भरवसा नाही, कारण सगळ्यांचं झाल्यावर बसायचं. मग चहा करताना साखरेची चिमूट तोंडात टाकायची. सासू, जिला ती आत्या म्हणायची, एकदा म्हणाली, "साखर खायाची लई सवय दिसती गं तुला. खा, खा. लेकीवानी हाईस." हे सांगताना प्रज्ञा हसत होती. मग म्हणाली, "ताई, संदेशला सांगू का? चांगलं हाय ते माणूस. काल माझ्यासाठी मोगरा घिऊन आले."

मी म्हणाले, "थोडं थांब. महिना होऊ दे."

बुद्धपौर्णिमेला दोघं खुटबावला आली. त्या वर्षीचा मे आठवला की अजून तोंड कोरडं पडतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. पत्र्याच्या घरात हात लावावा ती वस्तू तापलेली. विहारात खिरीचं पातेलं ठेवलं होतं. प्रज्ञा माझ्याशेजारी बसली. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. आल्यापासून तिनं तिसऱ्यांदा तांब्या उचलला होता. शेजारची मावशी म्हणाली, "वाळलीस गं. राबवत्यात का काय?" प्रज्ञा म्हणाली, "न्हाई ओ मावशी, उन्हाचं जेवन जात न्हाई."

तांब्याच्या तांब्या पाणी. वाळलेले खांदे. हे मी आधी बघितलेलं होतं. जगात कुणाला ओळखू यायला हवं होतं तर ते मला. मशीन घरात फडताळात होतं. पण संदेश बाहेरच्या खोलीत दादांशी बोलत बसला होता आणि मशीन टिंग वाजतं. मी तिला आत ओढून विचारलं, "सुई घेतेस ना?"

"रोज. दोन्ही टायमाला. तुझी शपथ."

"माठातली नवी बाटली ने जाताना."

"अजून अर्धी हाय की. वाया कशाला घालवायची?"

संध्याकाळी ती दोघं मोटरसायकलवरून गेली. वळणावर तिनं मागं बघून हात केला.

त्यानंतर आठवड्यानं, दुपारी, कंपनीच्या कँटीनमध्ये मी ताट घेऊन बसले आणि संदेशचा फोन आला. आवाजात आनंद होता आणि थोडा घोरही. "ताई, प्रज्ञाला कालपासून उलट्या होत्यात. आई म्हणती, गोड बातमी असंल. पन आज लईच गळाठलीय. इथल्या डॉक्टरनी ऊन लागलं म्हणून सलाईन लावलं. तरी उतार न्हाई. श्वास लई जोरात घेतीय."

एक क्षण, अगदी एक क्षण, मीही गोड बातमी ऐकली. मग तो श्वासाचा शब्द पोहोचला.

"तिला फोन द्या."

पलीकडून आधी नुसता श्वास आला, खोल, पळून आल्यासारखा. मग ती म्हणाली, "ताई, मी रोज घेतलंय गं." एवढंच.

संदेशनं फोन परत घेतला तेव्हा मी सगळं सांगितलं. उभ्यानं, कँटीनच्या आवाजात, ओरडून. तिला शुगर आहे, इन्सुलिन लागतं, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, गेल्या गेल्या हे सांगा. त्यानं विचारलं, "कवापासनं?"

"अकरा वर्षांची असल्यापासनं."

फोन बंद झाला. त्यानं वेळ घालवला नाही. पंपावरच्या कुणाची तरी गाडी घेतली आणि तिला पुण्याला नेलं. मी पोहोचले तेव्हा ती अतिदक्षता विभागात होती. आम्हाला काचेतून दिसायची. डॉक्टर म्हणाले, रक्तात आम्ल वाढलंय, उशीर झालाय, प्रयत्न चालू आहेत.

संदेश दोन दिवस त्या काचेपुढून हलला नाही. मला वाटत होतं, त्यानं माझ्या थोबाडीत मारावी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, सुई कशी द्यायची असती, मला दाखवा. घरी गेल्यावर मीच देत जाईन. तिला न्हाणीत जायला नगं." मी माझ्या पिशवीतून सुई काढली. दवाखान्याच्या बाकावर बसून त्याला दाखवलं. चिमटीत कातडी धरायची, सरळ टोचायची, दहा अंक मोजायचे, मग काढायची. तो माझ्या बोटांकडं बघत राहिला, शाळेतल्या मुलासारखा. त्यानं दोनदा करून दाखवलं. हात अजिबात थरथरला नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी प्रज्ञा गेली.

दहाव्या दिवशी तिची बॅग आणायला मी आणि आई भांडगावला गेलो. आत्यांनी बॅग माळ्यावरून काढली. तिथं, पत्र्याला लागून, महिनाभर ती तापत होती. साड्यांच्या घडीतून मी रुमाल सोडला. दुधासारखी बाटली उजेडात धरली. आत पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या, काचेला बारीक कण चिकटले होते, नासलेल्या दुधासारखे. ती खोटं बोलत नव्हती. रोज, दोन्ही वेळा, न्हाणीत उभी राहून ती घेत होती. त्यात औषध उरलं नव्हतं.

आत्या ती बाटली बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हे गार जागी ठेवायचं असतंय व्हय?"

मी हो म्हणून मान हलवली.

त्या स्वयंपाकघराकडं बघत म्हणाल्या, "आगं, मग फ्रीज हाय की आमच्यात. एवढी जागा व्हती." आणि पदर तोंडाला लावून खाली बसल्या. आई त्यांच्याशेजारी बसली. दोघी रडत होत्या आणि मी त्या दारात उभी होते.

सहा वर्षं झाली. संदेशनं पुन्हा लग्न केलं. मला बोलावलं होतं, मी गेले नाही. दादा आता थकलेत. मला कुणी दोष देत नाही. आई तर म्हणते, "तिच्या भल्यासाठीच केलं ना आपण." हे "आपण" ऐकलं की मला उठून जावंसं वाटतं. लोकांना मी सांगत आले की बहीण उष्माघातानं गेली. लपवायची सवय अशी असते. ज्यासाठी लपवलं ते माणूस गेलं तरी ती सुटत नाही.

या वर्षी मात्र एक वेगळी गोष्ट झाली. आमच्या लाईनवर रुखसाना आहे, शिरूरची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तिला मी भाभी म्हणते. तिची मुलगी आलफिया एकवीस वर्षांची आहे आणि तिला लहानपणापासून इन्सुलिन चालू आहे, हे मला माहीतच नव्हतं. गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत भाभीनं मला बाजूला घेतलं. नगरकडचे पाहुणे रविवारी बघायला येणार होते. घर चांगलं, मुलगा शिकलेला. "तू शिकलेली हाईस म्हणून विचारते," ती म्हणाली. "आत्ताच सांगू, का निकाहनंतर सांगू? माझी नणंद म्हणती, आधी सांगितलं तर कुणी करून घेनार न्हाई. नंतर सांभाळून घेत्यात सगळे."

माझ्या हातात अर्धी चपाती होती. मी ती डब्यात ठेवली. सहा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला प्रज्ञाबद्दल खरं सांगितलं. मेंदीपासून बाटलीतल्या गुठळ्यांपर्यंत, आणि "महिनाभर थांब" कोण म्हणालं, तेही. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी आम्ही उठलो नाही. सुपरवायझर येऊन उभा राहिला, भाभीचं तोंड बघून परत गेला.

शेवटी भाभी म्हणाली, "आन् सांगितल्यावर ते उठून गेले तर?"

"जातील भाभी. बहुतेक जातील."

खोटा धीर द्यायचा मला कंटाळा आला होता. ती डबा उचलून लाईनवर गेली.

सोमवारी ती बसमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली. रांजणगावपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "सांगितलं त्यांला. आलफियानंच सांगितलं, माझ्या आधी."

"मग?"

"गेले."

मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही.

"जेवायचे थांबले बी न्हाईत. एवढी बिर्याणी केली व्हती, सगळी तशीच. मला रडू आलं. मी भिंतीला टेकून बसले." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "आन् ही पोरगी काय करती? माझ्यासमोर, तिच्या अब्बासमोर, नणंदेसमोर, तिथंच जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर बसून सुई घेतली. मला म्हणाली, अम्मी, वाढ. भूक लागलीय."

"जेवली?"

"पोटभर जेवली," भाभी म्हणाली.